धडाबाईची कूस

त्या संस्थेत सगळेच एकमेकांचे नातेवाईक होते. खाटांमधून फिरणारी ती मावशी, उचलाउचल करणारा तो मामा, आणि खाटांवर पडलेली माणसं वयानुसार काका, काकू, आजी, आजोबा. इतकी जवळची नाती एका छताखाली जमली की कुणी कुणाची फारशी विचारपूस करत नाही, तसंच इथेही होतं.

बाई या गोतावळ्यात बसत नव्हत्या. त्या रोज दुपारी बसने यायच्या आणि संध्याकाळी बसने परत जायच्या. जन्मभर प्राथमिक शाळेत शिकवल्याचा शिक्का त्यांच्या चेहऱ्यावर असा काही उमटला होता, की त्या दारात दिसल्या की मावशी हातातला बिस्किटाचा पुडा पाठीमागे लपवायची. त्यामुळे लहानथोर सगळे त्यांना बाईच म्हणायचे.

बाईंचा धाकटा भाऊ या संस्थेत होता. पन्नाशी उलटलेला, पण तीन वर्षांचा असताना आजोबांसारखा गंभीर चेहरा करून बसायचा म्हणून त्याला जे ‘आबा’ नाव पडलं ते पडलंच. जन्मापासून आबाचे हातपाय त्याचं ऐकत नव्हते आणि तोंडातून शब्द फुटत नव्हता. कळत मात्र सगळं होतं, आणि इतकं की घरच्यांची पंचाईत व्हायची. हो म्हणायचं असलं की तो भुवया उचलायचा, नाही म्हणायचं असलं की डोळे मिटायचा, आणि समोरचा थाप मारतोय असं वाटलं की टाळूला जीभ लावून ‘टक्’ असा आवाज काढायचा. त्यांचे वडील जुनी सायकल विकायला काढायचे तेव्हा गिऱ्हाईक येण्याआधी आबाची खुर्ची आतल्या खोलीत नेऊन ठेवायचे.

आईवडील गेल्यावर बाईंनी त्याला सांभाळलं. लग्नाचं राहून गेलं, त्याचं त्यांना विशेष वाटलं नाही. शेवटी कंबरेने राजीनामा दिला. डॉक्टरांनी सांगितलं की आता भावाला उचललंत तर तुम्हालाच उचलायला दोघं लागतील. म्हणून आबा संस्थेत आला. न्यायला आलेल्या गाडीवाल्याने मागचं दार उघडून विचारलं होतं, सामान एवढंच का? बाईंनी त्याला खाली उतरवून आबाची माफी मागायला लावली होती. आबाने भुवया उचलून ती मंजूर केली, तेव्हाच गाडी हलली.

आबाची खाट कोपऱ्यात होती. भिंतीतून गरम पाण्याचा पाइप जायचा, त्यामुळे तो कोपरा बाराही महिने उबदार. खिडकीजवळच्या खाटेवर एक काकू होत्या. त्या बोलायच्या नाहीत, हलायच्या नाहीत, आणि त्यांच्याकडे कुणी यायचंही नाही. अशा माणसाला संस्थेत ‘त्रास नसलेली’ म्हणतात.

मग खोलीत वास यायला लागला. संस्थेचे अधीक्षक तत्पर माणूस, त्यांनी लगेच नळवाल्याला बोलावलं. त्याने सांडपाण्याची जाळी उचकटली, आत हात घातला, सगळं धुऊनपुसून परत बसवलं आणि गेला. वास तसाच. त्याला पुन्हा बोलावलं. या खेपेला तो जाळीपर्यंत गेलाच नाही. खिडकीपाशी थांबला, तोंडावर हात धरला आणि म्हणाला, “मोरी साफ आहे साहेब. वास ह्या काकूंच्या पाठीतून येतोय.”

काकूंवरची चादर काढली तेव्हा बाई तिथेच होत्या. त्यानंतर कितीतरी दिवस त्यांना जेवताना मध्येच हात थांबवावा लागायचा. काकूंना त्याच संध्याकाळी इस्पितळात हलवलं, पण फार उशीर झाला होता.

यथावकाश चौकशी बसली. तिला चौकशी म्हणायचं नाही, ‘पुनरावलोकन’ म्हणायचं, असं बाहेरून आलेल्या सल्लागार बाईंनी पहिल्याच बैठकीत सांगितलं. आपल्याला कुणाला दोष द्यायचा नाही, आपल्याला धडे घ्यायचेत. त्यांच्या मागे पडद्यावर सूर्योदयाचं चित्र होतं. समितीत रहिवाशांच्या नातेवाइकांपैकी एक जण लागतो आणि रोज येणारं माणूस एकच, म्हणून बाईंची तिथे वर्णी लागली होती. काकूंच्या पाठीला जे झालं होतं त्याला अहवालात ‘शय्याव्रण’ असा शब्द होता. बाईंना वाटलं, हा शब्द ज्याने काढला त्याला त्या दिवशी चादरीपाशी उभं करायला हवं होतं. काकू गेल्या याला ‘अपेक्षित परिणाम साधता आला नाही’ असं म्हटलं होतं. हे वाक्य वाचून झाल्यावर अधीक्षकांनी सगळ्यांपुढे बिस्किटांची बशी सरकवली, आणि सगळ्यांनी एकेक घेतलं.

बाईंनी घेतलं नाही. सल्लागारांनी त्यांना विचारलं, तुम्हाला काही सुचवायचंय का? बाई जन्मभर जे वर्गात बोलल्या तेच बोलल्या. धडा नुसता वाचून येत नसतो, हाताने करून बघावा लागतो. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि सगळ्यांनी ते लिहून घेतलं. इतक्या पोरांना शिकवूनही बाईंच्या एका गोष्टीकडे लक्ष गेलं नाही. ज्या पोराला अजिबात कळलेलं नसतं, तेच सगळ्यात भराभर लिहून घेतं.

महिन्याभरात खोकं आलं. मामाने ते उघडलं, आतला भुसा बाजूला केला आणि बराच वेळ नुसता बघत राहिला. आत रबराची एक म्हातारी होती. वजन माणसाइतकं, कातडी माणसासारखी मऊ, डोक्याला केस नाहीत आणि मांड्यांच्या खाली काहीच नाही. पाय दुसऱ्या खोक्यातून यायचे होते. ते काही आले नाहीत.

“साहेब, हे तर नुसतं धड आहे,” मामा म्हणाला.

“धड नाही, धडा आहे तो,” अधीक्षक म्हणाले. “बाईंनीच सुचवलाय. हाताने करून बघायचा.”

त्या दिवसापासून तिचं नाव धडाबाई पडलं.

धडाबाईला काकूंची खिडकीजवळची खाट मिळाली. सराव खऱ्यासारखा व्हायला हवा म्हणून हवेने फुगणारी नवी गादी मिळाली. अशा गाद्या इतरांसाठी मागवून किती काळ लोटला होता ते विचारू नये. खाटेला लाल अक्षरांची पाटी लागली: प्रशिक्षण साहित्य, दर दोन तासांनी कूस बदलणे. वर छताला कॅमेरा बसला. तो फक्त खिडकीच्या खाटेकडे बघायचा आणि त्याचा पडदा अधीक्षकांच्या टेबलावर होता. दर दोन तासांनी घंटा वाजायची. घंटा झाली की मावशी आणि मामा हातातलं काम टाकून हातमोजे घालून धावायचे. एक जण खांद्याला, एक जण कमरेला. आधी तिला सांगायचं, “आजी, आता तुम्हाला वळवतोय हं.” मग हळूच कुशीवर घ्यायचं, पाठीमागे उशी, पाठ कोरडी आहे का बघायची, चादरीची सुरकुती काढायची. शेवटी, “बरं वाटतंय ना?” पाय नव्हते तरी टाचांखाली उशी ठेवायची, कारण शिफारशीत टाचा होत्या.

हे सगळं नीट व्हायला वेळ लागायचा. खोलीत दहा खाटा आणि माणसं ही दोनच. धडाबाईचं आटोपलं की मावशी कपाळावरचा घाम पुसायची आणि उरलेल्या नऊ जणांकडे, घरी आधीच जेवून आलेला पाहुणा ताटाकडे बघतो तशी बघायची. मावशी वाईट नव्हती. पण नऊ जणांना कधी वळवलं आणि कधी नाही ते कुठल्याच पडद्यावर दिसत नव्हतं, आणि धडाबाई राहिली तर साहेबांचा फोन यायचा. असं असताना माणूस कुठे धावणार?

एका दुपारी बाई आबाला पुसायला म्हणून त्याचा सदरा वर करत होत्या. उजव्या खुब्यावर त्यांना लाल डाग दिसला. डाग बशीएवढा नव्हता, बशीच्या तळाएवढा होता. त्यांनी त्यावर बोट दाबलं आणि सोडलं. निरोगी कातडी दाबली की क्षणभर पांढरी पडते. हे त्यांना समितीतच शिकायला मिळालं होतं, सूर्योदयानंतरच्या चौथ्या चित्रात. डाग पांढरा पडला नाही, लालचा लालच राहिला. चादर घामाने ओली होती आणि पाइपाच्या उबेने आंबूस वास येत होता. वास अजून घामाचाच होता. त्याचा पुढचा वास त्यांना पाठ होता.

“दुखतं का रे?”

आबाने भुवया उचलल्या.

“वळवतात का तुला?”

आबाने डोळे मिटले आणि बराच वेळ उघडले नाहीत.

बाई अधीक्षकांकडे गेल्या. अधीक्षकांनी त्यांना बसायला खुर्ची दिली, चहा मागवला, सगळं ऐकून घेतलं. त्यांची नजर मध्येमध्ये टेबलावरच्या पडद्याकडे जात होती. पडद्यावर धडाबाई आरामात डाव्या कुशीवर पहुडली होती. बाईंचं म्हणणं एवढंच होतं, की ती हवेची गादी आणि ती कूस आबाला द्या. अधीक्षक म्हणाले, तुमची तळमळ मी समजू शकतो, पण सध्या धडा चालू आहे. मध्येच धड्यात बदल केला तर त्याचं मोजमाप बिघडेल. तिमाही बैठकीत विषय ठेवू.

“तोवर त्याची पाठ फुटेल,” बाई म्हणाल्या.

“तसं होऊ नये म्हणून तर धडा घेतोय ना आपण,” अधीक्षक समजुतीच्या सुरात म्हणाले.

बाईंनी चहा तसाच ठेवला. वर्गात एखादं पोर इतका मख्खपणा करायचं तेव्हा त्या त्याला बाकावर उभं करायच्या. अधीक्षक आधीच मोठ्या खुर्चीवर बसले होते, त्यांना आणखी उंच कुठे चढवणार?

त्या खोलीत परत आल्या. मामा मोकळा होता. मामाला कामाचं फार समजायचं अशातला भाग नाही, पण एक होतं, ठाम आवाजात सांगितलेली गोष्ट त्याला टाळता येत नसे. बाईंनी धडाबाईकडे बोट दाखवलं, मग कोपऱ्याकडे.

“मामा, ही तिकडे. आबा इकडे.”

“साहेब ओरडतील.”

“साहेबांना पडद्यावर खाटेत कुणीतरी दिसलं पाहिजे. दिसेल.”

मामाने थोडा विचार केला, निदान तसा चेहरा केला, आणि धडाबाईला उचललं. आबा हवेच्या गादीवर टेकला तेव्हा त्याच्या तोंडातून एक बारीक आवाज निघाला. तो ‘टक्’ नव्हता. बाईंनी तो आवाज पूर्वी एकदाच ऐकला होता, लहानपणी वडिलांनी त्याला पहिल्यांदा समुद्राच्या पाण्यात धरलं होतं तेव्हा.

घंटा वाजली. मावशी हातमोजे चढवत धावत आली आणि खाटेपाशी थबकली. तिने आबाकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं, मग वर कॅमेऱ्याकडे पाहिलं. कॅमेऱ्याचा लाल दिवा चालू होता.

“काय आबा, बढती झाली वाटतं,” ती पुटपुटली, आणि मग सवयीने तोंडातून पुढचं आलंच, “आजी, आता तुम्हाला वळवतोय हं.”

आबाने ‘टक्’ केलं. पण मावशीने त्याला वळवलं. पाठीमागे उशी लावली, पाठ कोरडी आहे का पाहिली, टाचांखाली उशी ठेवली. टाचा प्रथमच खऱ्या होत्या म्हणून असेल, ती जरा चाचपून बघत राहिली.

पुढे ते तसंच चालू राहिलं. अधीक्षकांना पडद्यावर एक आकृती, दोन माणसं आणि एक उशी दिसायची, आणि मोजमाप उत्तम येत होतं. आबाचा डाग आधी फिका झाला, मग बोट दाबल्यावर पांढरा पडायला लागला. बाईंना वाटलं, आपण जन्मभरात इतका उपयोगी धडा कुणाला शिकवला नव्हता. त्यांनी घरी जाताना पहिल्यांदाच स्वतःसाठी चांगला ब्रेड घेतला आणि शांतपणे खाल्ला.

धडाबाई कोपऱ्यात होती. तिच्याकडे कुणी बघत नव्हतं.

मग वरचे साहेब बघायला आले. संस्थेने काकूंच्या प्रकरणातून किती धडे घेतले ते पाहण्यासाठी ही भेट होती. बरोबर सल्लागार बाई होत्या, अधीक्षक होते, आणि नातेवाइकांची प्रतिनिधी म्हणून बाईंनाही बोलावलं होतं. सगळ्यांनी बुटांवर निळ्या पिशव्या चढवल्या होत्या. उरलेल्या खाटांमधून ही मंडळी चुर्र चुर्र करत खिडकीशी पोचली. वाटेतल्या एका आजोबांनी पाणी मागितलं. सल्लागार त्यांच्याकडे बघून गोड हसल्या.

अधीक्षकांनी अभिमानाने खाटेवरची चादर बाजूला केली आणि त्यांचा हात हवेतच राहिला.

वरच्या साहेबांनी मात्र पाटी वाचली होती. ते वाकले. त्यांनी चष्मा सारखा केला आणि आबाचं बारकाईने निरीक्षण केलं.

“वा,” ते म्हणाले. “अगदी हुबेहूब. दाढीचे खुंटसुद्धा. कुठल्या कंपनीचा?” आणि त्यांनी तर्जनीने आबाचा गाल दाबून पाहिला, बाजारात फळ दाबून बघतात तसा.

खुर्चीतलं पोर, रस्त्यावरचे लोक, थांबून बघणारे, डोक्यावर हात ठेवणारे, आईच्या हातात नाणं कोंबणारे, हे सगळं बाईंनी पाहिलं होतं. पण माणूस समोर श्वास घेतोय आणि बघणाऱ्याला कंपनीचं नाव हवंय, हे त्यांनी पाहिलं नव्हतं. तोंड उघडायचं एवढंच बाकी होतं. एक वाक्य पुरलं असतं. त्या वाक्यानंतर आबा परत कोपऱ्यात, पाइपाशी, रेक्झिनच्या गादीवर. त्यांनी दात आवळले.

“टक्,” आबा म्हणाला.

“आवाजही करतो का?” साहेब खूश झाले. त्यांनी अधीक्षकांकडे पाहिलं.

अधीक्षकांच्या चेहऱ्यावरून एक-दोन गोष्टी झरझर गेल्या. इथे माणूस आहे म्हणावं तर पाटी खोटी, कॅमेरा खोटा, मोजमाप खोटं, धडा खोटा. त्यांनी घसा साफ केला. “नवीन प्रकार आहे, साहेब.”

“टक्,” आबा पुन्हा म्हणाला, जरा जोरात.

साहेबांनी पाठ तपासायला सांगितली. मावशी आणि मामाने आबाला अशा काही नजाकतीने वळवलं, की सल्लागार बाईंनी टाळ्या वाजवल्या. पाठ गुळगुळीत होती. साहेबांनी लिहून घेतलं: साहित्य सुस्थितीत. आणि आता खऱ्या रहिवाशांपैकी कुणाला तरी बघू, म्हणून ते वळले आणि त्यांना सगळ्यात जवळची खाट दिसली ती कोपऱ्यातली.

अधीक्षक पुढे झाले, म्हणाले, त्या झोपल्यात. साहेब म्हणाले, झोपू द्या, मी फक्त पाठ बघतो. आणि त्यांनी चादर उचलली.

धडाबाई भिंतीला तोंड करून पडली होती. आबाला आत सरकवायचे तसं मामाने तिलाही पाइपाला खेटवून ठेवलं होतं, आणि त्यानंतर तिला कुणी हात लावला नव्हता. उबेने रबर वितळून रेक्झिनला चिकटलं होतं. मग कधीतरी चादर बदलताना कुणी हिसका दिला असावा. कमरेखाली, माकडहाडाच्या जागी, मूठ जाईल एवढं भगदाड पडलं होतं. कडा काळसर, आत पिवळा स्पंज. काकूंना होतं तिथेच, तेवढंच.

साहेबांनी खिशातून रुमाल काढून नाकावर धरला. रबराला वास नव्हता.

“अरेरे,” ते रुमालातून म्हणाले. मग त्यांनी चादर आणखी थोडी वर केली. “आणि ह्यांचे दोन्ही पायही नाहीत. मला हे कुणी सांगितलं का नाही?”

अधीक्षकांची अवस्था मोठी बिकट होती. ही रबराची आहे म्हणावं तर खिडकीजवळचा खरा माणूस ठरतो, आणि ते तर नवीन प्रकार आहे असं सांगून बसलेले. मामाने छताकडे पाहायला सुरुवात केली. मावशीच्या खांद्यांना हिसके बसायला लागले आणि ती तोंडावर हातमोजा दाबून बाहेर पळाली.

“बघा, कर्मचाऱ्यांना किती धक्का बसलाय,” सल्लागार हळहळून म्हणाल्या.

साहेबांनी धडाबाईच्या चेहऱ्याकडे पाहिलं नाही. तपासणीत पाठ होती, चेहरा नव्हता. त्यांनी तिथल्या तिथे फोन लावला. फोटो काढले, जखमेशेजारी पट्टी ठेवून मापासकट. तासाभरात पुनरावलोकन समिती नेमली गेली. काकूंच्या वेळी नळवाला दोनदा यावा लागला होता.

समितीत बाईंना पुन्हा घेतलं, तुम्हाला आता अनुभव आहे म्हणून. पडद्यावर तोच सूर्योदय होता. अधीक्षकांनी सांगितलं, संबंधित रहिवासी शांत स्वभावाच्या होत्या, कधी तक्रार केली नाही, भेटायला कुणी येत नसे. हे सगळं खरं होतं, त्यामुळे आबा तिथे असता तरी गप्प बसला असता. आता त्या कुठे आहेत, असं सल्लागारांनी विचारलं. अधीक्षक म्हणाले, त्यांना दुसरीकडे हलवलंय. तेही खरं होतं. त्या जिन्याखालच्या खोलीत होत्या, झाडूंशेजारी. सल्लागारांनी एक मिनिट शांतता पाळायला सुचवलं. सगळे उभे राहिले. काकूंसाठी कुणी उभं राहिलं नव्हतं, हे बाईंना त्या एका मिनिटात पुरेपूर आठवलं. त्यांनी समोरची बिस्किटांची बशी लांब सरकवली. एकाही चेहऱ्यावर, अगदी अधीक्षकांच्यासुद्धा, नाटकाचा मागमूस नव्हता. त्यांना खरंच वाईट वाटत होतं. बाईंना त्याचीच जास्त किळस आली.

अहवाल तयार झाला. धडे जुनेच होते, फक्त त्यांचे क्रमांक पुढे सरकले होते. शेवटची शिफारस मात्र नवी होती: प्रशिक्षण साहित्याचा अनुभव उत्साहवर्धक असून त्याची संख्या वाढवावी.

बैठक संपल्यावर अधीक्षकांनी बाईंना थांबवून घेतलं. ते जरा खालच्या आवाजात बोलत होते. झालं ते झालं, आपण दोघंही समजूतदार आहोत. खिडकीची खाट रिकामी दिसून चालणार नाही, आणि तुमच्या भावाला तिथे आराम आहे. तेव्हा ह्या कार्डावर एवढी एक सही. कार्डावर छापलेलं होतं: खालील साहित्य संस्थेच्या ताब्यात असून सुस्थितीत आहे. खाली साहित्याच्या वर्णनाची रिकामी जागा होती. तिथे अधीक्षकांनी आबाचं पूर्ण नाव आधीच घालून ठेवलं होतं, सुवाच्य अक्षरात.

बाईंना गाडीवाला आठवला. बिचाऱ्याने निदान सामान ‘एवढंच का’ असं विचारलं तरी होतं.

“नाही केली तर?” त्यांनी विचारलं.

“मग रहिवासी म्हणून नोंद करू. रहिवाशांना कोपरा आहेच.”

बाईंनी सही केली. अक्षर नेहमीसारखं वळणदार आलं, याचाच त्यांना राग आला. मग त्या खोलीत जाऊन आबाच्या खाटेवर टेकल्या आणि त्याला सगळं सांगितलं, काहीही न लपवता. तुझ्या नावापुढे काय लिहिलंय तेही सांगितलं. आबाने बराच वेळ त्यांच्याकडे पाहिलं. जीभ टाळूला लागली नाही. मग त्याने भुवया उचलल्या, अगदी थोड्या, गाडीवाल्याला उचलल्या होत्या तशाच.

कोपऱ्यातली खाट फार दिवस रिकामी राहिली नाही. तिथे एक काका आले. चांगले धिप्पाड, अर्धं अंग गेलेलं, पण बोलता येणारे. आल्या दिवशी दुपारीच ते कण्हत म्हणाले, “मावशी, जरा कुशीवर करा ना. पाठीखाली भाजतंय.”

तेवढ्यात घंटा झाली. मावशी हातमोजे चढवत त्यांच्यासमोरून खिडकीकडे गेली.

“थांबा हो काका,” ती जाता जाता म्हणाली, “आधी साहित्याचं होऊ द्या.”

आबाला वळवलं गेलं. त्याचं तोंड आता कोपऱ्याकडे झालं होतं. तो काकांकडे बघत होता, आणि मग त्याने बाईंकडे पाहिलं. ‘टक्’ नाही, भुवया नाहीत, काहीच नाही. नुसतं पाहिलं.

बाई उठल्या आणि काकांच्या खाटेशी गेल्या. एक हात त्यांच्या खांद्याखाली घातला, एक कमरेखाली. कंबरेतून कळ थेट टाचेपर्यंत गेली. काका हलले नाहीत. मावशी पुढच्या कामाला निघून गेली होती, मामा हातमोजे काढून दाराकडे चालला होता.

“मामा, इकडे ये.”

मामाने कोपऱ्याकडे पाहिलं, मग वर छताकडे. “बाई, तिथलं कॅमेऱ्यात येत नाही.”

“माहितीये मला,” बाई म्हणाल्या. “म्हणूनच बोलावतेय. तू खांद्याला धर.”